पहिलं पिस्तूल घेताना: मुंबईतल्या नवशिक्यांसाठी

"पिस्तूल घ्यायचंय, कोणतं घेऊ?" असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, कशासाठी? उत्तर बहुतेक वेळा एकच येतं: थोडं संरक्षणासाठी जवळ ठेवायला आणि थोडं रेंजवर नेम मारायला. अमेरिकेतले व्हिडिओ बघून हे दोन हेतू डोक्यात एकत्र होतात. तिथे माणूस दुकानात जाऊन एक ९ मिमी पिस्तूल घेतो, आठवडाभर कमरेला लावतो आणि रविवारी त्यानेच रेंजवर सराव करतो. आपल्याकडे कायदा, बाजार आणि काडतुसांचा पुरवठा या तिन्ही गोष्टींमुळे ही दोन कामं एका हत्यारात बसत नाहीत. ९ मिमी तर भारतात प्रतिबंधित बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) मोडतं, म्हणजे सामान्य नागरिकासाठी तो विषय तिथेच संपतो.

माझा सल्ला आधीच सांगतो, कारणं पुढे येतीलच. पहिलं पिस्तूल १० मीटर स्पर्धेचं एअर पिस्तूल, म्हणजे बारुदाऐवजी हवेच्या दाबाने छर्रा सोडणारं, असावं, आणि तेसुद्धा काही महिने क्लबच्या पिस्तुलावर हात बसल्यानंतर घ्यावं. संरक्षणासाठी परवाना काढायचा का, हा निर्णय त्यापासून पूर्ण वेगळा ठेवा. ज्याला खरोखर परवान्याचं हत्यार बाळगायची वेळ येईल, त्यालाही रेंजवरचा हाच सराव उपयोगी पडेल. कपाटात पडून राहिलेलं रिव्हॉल्व्हर मात्र कुणालाच काही शिकवत नाही.

परवाना कुठे लागतो, कुठे नाही

भारतात शस्त्रांचा कारभार १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे शस्त्र नियम यांवर चालतो. ज्या एअर पिस्तुलाचा बोअर ४.५ मिमीपर्यंत, म्हणजे .१७७ इंचापर्यंत आहे आणि ऊर्जा २० ज्यूलच्या आत आहे, त्याला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाची ऊर्जा पाच-सहा ज्यूलच्या आसपास असते, त्यामुळे तिथे काळजीचं कारण नाही. विक्रेता ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागतो व नोंद ठेवतो. ती नोंद नको म्हणणारा किंवा बिल न देणारा विक्रेता भेटला, तर त्याच्याकडून काहीही घेऊ नका.

परवाना लागत नाही म्हणून ते खेळणं ठरत नाही. दहा फुटांवरून डोळ्यात छर्रा गेला तर डोळा जातो. आणि रस्त्यावरच्या माणसाला, पोलिसाला किंवा लोकलच्या डब्यातल्या शेजाऱ्याला ते एअर पिस्तूल आहे की खरं, हे लांबून कळत नाही. ते बंद केसमध्ये न्या आणि बिलाची प्रत केसमध्येच ठेवा. घर ते रेंज या प्रवासात कुणाला दाखवण्यासाठीही केस उघडू नका.

बारूद आणि काडतूस असलेल्या प्रत्येक हत्याराला परवाना हवा. त्यात .२२ आलं आणि .३२ ही आलं. परवान्यासाठी वयाची २१ वर्षं पूर्ण असावी लागतात. नेमबाजीच्या प्रशिक्षणासाठी मात्र १२ वर्षांपासून पुढच्या मुलांना देखरेखीखाली शस्त्र हाताळता येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली आहे. याच दुरुस्तीने विनापरवाना शस्त्र बाळगण्याची शिक्षाही वाढवली. साध्या, म्हणजे प्रतिबंधित नसलेल्या, बोअरचं हत्यार असलं तरी किमान दोन वर्षं कैद. उत्तर भारतातून कुणी आणून देतो म्हणाला तो गावठी 'कट्टा' स्वस्त पडतो, असा विचार मनात येत असेल तर हे वाक्य पुन्हा वाचा. शिवाय कट्टा चालवणाऱ्याच्याच हातात फुटल्याच्या घटनाही होतात.

दुकानाआधी रेंज

मुंबईत नेमबाजीचं जुनं घर म्हणजे वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज. राज्य पातळीवरची कॅप्टन इझिकेल स्मृती स्पर्धा हीच संघटना घेते. पनवेलच्या बाजूला राहणाऱ्यांसाठी नेमबाज सुमा शिरूर यांची लक्ष्य ही अकादमी आहे. उपनगरांत आणि ठाण्यात १० मीटरच्या लहान रेंज निघाल्या आहेत, काही शाळांमध्ये आणि जिमखान्यांमध्येही आहेत. कॉलेजात असाल तर एनसीसीचा रस्ता विसरू नका. नेमबाज अंजली भागवत यांच्या हातात रायफल आली ती दादरच्या कीर्ती महाविद्यालयातल्या एनसीसीमुळे.

रेंज निवडताना इमारत आणि एसी बघू नका. प्रशिक्षक पहिल्या दिवशी काय शिकवतो, ते बघा. पिस्तूल हातात देण्याआधी त्याने सुरक्षेचे नियम सांगितले पाहिजेत आणि तुमच्याकडून वदवून घेतले पाहिजेत: प्रत्येक शस्त्र भरलेलं आहे असंच समजायचं, नळी कायम टार्गेटच्या दिशेला, साइट (नेम धरायची खूण) टार्गेटवर येईपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर, आणि टार्गेटच्या मागे काय आहे, ते माहीत असल्याशिवाय गोळी नाही. टेबलावर ठेवलेल्या प्रत्येक पिस्तुलाच्या नळीत रंगीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे पिस्तूल रिकामं असल्याची खूण, दिसला पाहिजे. 'स्टॉप' असा आवाज आला की सगळी लाइन त्या क्षणी थांबली पाहिजे. जिथे माणसं हातातलं पिस्तूल गप्पा मारता मारता इकडे-तिकडे फिरवतात, तिथून फी भरलेली असली तरी निघून या.

पहिले काही महिने क्लबच्याच पिस्तुलावर काढा. क्लबची पिस्तुलं झिजलेली असतात, ग्रिप, म्हणजे मूठ, भलत्याच माणसाच्या हाताची असते, हे सगळं खरं आहे. पण या काळातच तुम्हाला कळतं की खांदा एक किलो वजन एका हातात किती वेळ पेलतो, तळवा किती घामेजतो आणि मुळात हा खेळ आपल्याला आवडतो का. लाख-दीड लाख रुपये घालण्याआधी हे कळलेलं बरं. लहान मुलांच्या बाबतीत तर मी आई-वडिलांना हात जोडून सांगतो: पहिल्या पदकाच्या उत्साहात लगेच परदेशी पिस्तूल मागवू नका. मुलांचा तळहात वर्षभरात बदलतो.

हातात बसतं का?

एअर पिस्तुलात सगळ्यात महाग चूक होते ती ग्रिपची. नवा माणूस नळीची कंपनी विचारतो, तर जाणकार आधी ग्रिपचा आकार बघतो. स्पर्धेच्या पिस्तुलांच्या लाकडी ग्रिप लहान, मध्यम, मोठी अशा मापांत आणि डाव्या-उजव्या हातासाठी वेगळ्या येतात. तळहाताखाली आधार देणारी एक सरकती फळी असते. ती वर-खाली करून हात घट्ट बसवता येतो. वॉल्थर, श्टायर, मोरिनी, फाइनवेर्कबाउ, पार्दिनी या सगळ्यांची वरची मॉडेल्स नेमाच्या बाबतीत तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी पुढे असतात. शिकाऊ नेमबाजाच्या गुणांत पडणारा फरक नळीपेक्षा हाताने आणि ग्रिपने जास्त पडतो.

तपासायचं कसं, ते सांगतो. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी पिस्तुलाच्या मागच्या बाजूला जितकी वर आणि पूर्ण टेकेल तितकं चांगलं. बोटं मुठीभोवती सैल न राहता आणि ताण न देता बसली पाहिजेत. आता तर्जनी बघा. पहिल्या पेराचा मधला मांसल भाग ट्रिगरवर यावा आणि बोटाची बाकीची लांबी लाकडाला कुठेही घासू नये. घासली तर ट्रिगर मागे ओढताना पिस्तूलही बाजूला ढकललं जातं आणि छर्रे एकाच दिशेला सरकत राहतात. बरेच ट्रिगर पुढे-मागे सरकवता येतात, तेवढी सोय आहे का, हे विचारा.

मग सगळ्यात खरी परीक्षा. रिकामं पिस्तूल पकडा, डोळे मिटा, हात टार्गेटच्या दिशेला उचला, दोन श्वास घ्या आणि डोळे उघडा. पुढची साइट मागच्या साइटच्या खाचेत जवळजवळ मधोमध दिसली, तर ग्रिप तुमची आहे. दर वेळी साइट डावीकडे किंवा वर गेलेली दिसत असेल, तर ते मनगटाच्या जोरावर दुरुस्त करू नका. ग्रिपचं माप बदला किंवा पुट्टी आणि पॉलिश पेपर घेऊन ती आपल्या हाताची करून घ्या. अनुभवी नेमबाजांच्या ग्रिपवर जागोजागी पुट्टीचे थर दिसतात ते याचसाठी. नियमाप्रमाणे ग्रिपने मनगटाला आधार देता येत नाही, मनगट मोकळं दिसलं पाहिजे, एवढं त्यात सांभाळा. मुंबईच्या दमट हवेत तळहाताला घाम येतोच. गुळगुळीत पॉलिश केलेल्या ग्रिपपेक्षा बारीक खरबरीत केलेली ग्रिप इथे जास्त उपयोगी पडते.

डोळ्याचंही बघून घ्या. दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये एक छोटी फट ठेवा आणि त्यातून भिंतीवरचं घड्याळ पाहा. आता एक एक डोळा मिटा. ज्या डोळ्याला घड्याळ दिसत राहतं, तो तुमचा प्रमुख डोळा. उजव्या हाताने नेमबाजी करणाऱ्याचा डावा डोळा प्रमुख असला तर घाबरायचं काही नाही. नेमबाजीच्या चष्म्यावरची पट्टी वापरून किंवा उभं राहण्याचा कोन बदलून मार्ग निघतो. पण हे पिस्तूल घेण्याआधी प्रशिक्षकाला सांगा, कारण डाव्या-उजव्या ग्रिपचा निर्णय त्यावर ठरू शकतो.

या सगळ्याची गरज का, ते टार्गेट पाहिलं की कळतं. १० मीटरच्या पिस्तूल टार्गेटमधलं दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचं असतं, एक रुपयाच्या नाण्याच्या निम्म्याएवढं. उभं राहून, एका हाताने, कुठेही न टेकता, स्पर्धेत असे ६० छर्रे मारायचे आणि त्यासाठी सव्वा तास. पिस्तुलाचं वजन नियमाने १५०० ग्रॅमपर्यंत चालतं, पण बहुतेक पिस्तुलं एक किलोच्या आसपास असतात. नवीन माणसाने जड पिस्तूल 'स्थिर राहतं' म्हणून घेऊ नये. पहिले दहा छर्रे स्थिर जातात, चाळिसाव्या छऱ्याला खांदा सांगतो.

हवा कुठून येते

बाजारात तीन प्रकार भेटतात. स्प्रिंगचं पिस्तूल नळी खाली वाकवून भरायचं असतं. किंमत काही हजारांत, पण आतली स्प्रिंग सुटताना पिस्तूल हातात उसळतं आणि ट्रिगर जड असतो. गच्चीत डबे पाडायला ठीक, पण त्यावर शिकलेल्या सवयी मोडायला पुढे वेळ जातो. आणि मुंबईत गच्चीत डबे पाडायचा विचारही करू नका. समोरच्या इमारतीच्या खिडक्या किती जवळ आहेत, ते तुम्हाला माहीत आहे. कार्बन डायऑक्साइडच्या पिस्तुलांचा दाब तापमानाबरोबर बदलतो आणि त्याबरोबर नेमही. स्पर्धेसाठी आज सगळे आधीच भरलेल्या हवेच्या सिलिंडरची पिस्तुलं वापरतात. सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाबाची हवा असते आणि रेग्युलेटर प्रत्येक छऱ्याला सारखीच हवा सोडतो.

या सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. वापराची मुदत साधारण दहा वर्षं असते आणि मुदत उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. जुनं पिस्तूल स्वस्तात मिळतंय म्हणून घेणारे इथे हमखास फसतात: पिस्तूल झकास असतं आणि सिलिंडर संपलेला. नव्या सिलिंडरची किंमत आधी विचारा, ती मिळवून मग सौदा करा.

हवा रेंजवरच्या कॉम्प्रेसरवरून किंवा मोठ्या टाकीवरून भरून घेणं सगळ्यात बरं. घरी हातपंपाने भरताना पावसाळ्यातली ओली हवा आत जाते, आत पाणी साठतं आणि सील खराब होतात. पंपाला आर्द्रता शोषणारा फिल्टर नसेल, तर जून ते सप्टेंबर पंप बाजूलाच ठेवा. सिलिंडर भरलेला असताना पिस्तूल उन्हात तापलेल्या गाडीत सोडून जाऊ नका.

ट्रिगर यांत्रिक असतो किंवा इलेक्ट्रॉनिक. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर काचेसारखा स्वच्छ सुटतो, यात वाद नाही. पण पहिल्या पिस्तुलासाठी मी यांत्रिक ट्रिगर सुचवतो. तो कुठलाही शहाणा मेकॅनिक उघडून दुरुस्त करू शकतो. टोकियो ऑलिम्पिकच्या पात्रता फेरीत, २०२१ साली, मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला आणि दुरुस्तीत तिची मोलाची मिनिटं गेली. तिच्यामागे संघ होता. तुमच्यामागे कोण आहे? खरेदीआधी हाच प्रश्न विक्रेत्याला विचारा: सील, ओ-रिंग, स्प्रिंग मुंबईत मिळतात का, दुरुस्ती कोण करतं, पिस्तूल किती दिवस अडकतं? उत्तर गुळमुळीत आलं तर तेच पिस्तूल दुसरीकडे शोधा.

बावीस बोअर कधी

२५ मीटरच्या स्पर्धेत .२२ लाँग रायफल काडतुसाचं पिस्तूल लागतं. राही सरनोबतचं २०१८ च्या आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण याच प्रकारातलं. एअर पिस्तुलावर गुण बऱ्यापैकी आले आणि प्रशिक्षकाने सांगितलं की मगच इकडे वळा. क्लबचं सदस्य झालं की क्लबचं .२२ क्लबच्या रेंजवर देखरेखीखाली चालवता येतं, त्यामुळे स्वतःच्या परवान्याची घाई नसते. परदेशी स्पर्धा पिस्तुलाची आयात सर्वांसाठी खुली नाही. ती सवलत मुख्यतः राष्ट्रीय पातळीवर कामगिरी दाखवलेल्या नेमबाजांसाठी आहे. म्हणजे आधी गुण, मग पिस्तूल, हा क्रम इथे कायद्यानेच ठरवला आहे.

संरक्षणासाठी जवळ बाळगायचं असेल तर

परवाना मागितला म्हणून मिळतोच असं नाही. मुंबईत परवाना देणारा अधिकारी म्हणजे पोलीस आयुक्त. अर्ज ऑनलाइन प्रणालीत भरला जातो, स्थानिक पोलीस ठाण्यात चौकशी होते, गुन्ह्यांची नोंद पाहिली जाते, शारीरिक-मानसिक प्रकृतीचं प्रमाणपत्र लागतं आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. संरक्षणासाठी अर्ज असेल तर धोका काय, हे दाखवावं लागतं. धमकीची तक्रार, रोख किंवा सोनं-हिरे वाहण्याचा व्यवसाय, आधी झालेला हल्ला, अशी कागदपत्रं आधी जमवा. 'शहर सुरक्षित राहिलं नाही' हे कारण कागदावर टिकत नाही. नकार आला तर कारणं लेखी मागता येतात आणि वरच्या अधिकाऱ्याकडे अपीलही करता येतं. 'साहेबांशी ओळख आहे, परवाना करून देतो' म्हणणाऱ्या दलालाला मात्र दारातूनच परत पाठवा.

परवाना महाराष्ट्रापुरता की देशभर चालणारा, हे त्यावर लिहिलेलं असतं. एका वेळी आणि वर्षभरात किती काडतुसं घ्यायची, तेही लिहिलेलं असतं. हीच मर्यादा लक्षात घ्या. एअर पिस्तूलवाला एका आठवड्यात जितके छर्रे झाडतो, तितकी .३२ ची काडतुसं परवानाधारकाला वर्षभरातही परवडत नाहीत. म्हणूनच म्हणतो, हात एअर पिस्तुलावर घडवा.

साध्या बोअरमध्ये व्यवहारात पर्याय .३२ चा: रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल. बहुतेक माल कानपूरच्या आणि इतर सरकारी कारखान्यांचा. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून त्याच्या कंपन्या झाल्या, त्यामुळे जुन्या-नव्या मालावर वेगळी नावं दिसतात. २०१४ मध्ये आलेलं 'निर्भीक' हे महिलांसाठी म्हणून गाजलेलं रिव्हॉल्व्हर टायटॅनियमच्या मिश्रधातूचं आणि साधारण ५०० ग्रॅमचं आहे. २०२३ मध्ये आलेलं 'प्रबल' ७०० ग्रॅमच्या आसपास आहे आणि त्याचा काडतुसं बसणारा सिलिंडर बाजूला उघडतो, त्यामुळे भरणं-रिकामं करणं सोपं जातं. पर्समध्ये हलकं बरं वाटतं, पण हलक्या हत्याराचा झटका जास्त लागतो आणि आखूड नळीमुळे दोन साइटमधलं अंतर कमी होऊन नेम कठीण होतो. महिलांनी हलकंच घ्यावं, हा सल्ला मला पटत नाही. ज्याच्या हातात जे स्थिर राहील, ते त्याचं.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, यावर तासन्‌तास वाद होतात. रिव्हॉल्व्हर साधं असतं: काडतुसांची सहा घरं, आत गोळी आहे की नाही ते उघडताक्षणी दिसतं, काडतूस फुटलं नाही तर पुन्हा ट्रिगर ओढायचा. पण हॅमर (मागचा घोडा) आधी मागे न ओढता मारायचं तर ट्रिगर लांब आणि जड लागतो. बोटात ताकद नसेल तर नळी हलते. पिस्तुलाचा ट्रिगर हलका वाटतो, पण स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे खेचायला मनगटात जोर हवा, मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढलं तरी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, गोळी राहू शकते आणि अडकलेलं काडतूस काढायचा सराव लागतो. वर्षात चार वेळाच हात लावणार असाल, तर रिव्हॉल्व्हर घ्या. नियमित सराव करणार असाल, तर पिस्तुलाचा विचार करा. दुकानात दोन्हीचा ट्रिगर आणि स्लाइड ओढून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता मुंबईत ते घेऊन फिरणं. नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी पिस्तूल होल्स्टरमध्ये (पिस्तुलाच्या म्यानात), पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असलं पाहिजे. ते दाखवणं-मिरवणं गुन्हा. होल्स्टर असा हवा की ट्रिगर पूर्ण झाकला जाईल. नुसतं खिशात किंवा पर्समध्ये किल्ल्यांबरोबर टाकायचं नाही. पण खरी अडचण शहराच्या गर्दीची. संध्याकाळी साडेसहाची विरार लोकल डोळ्यांसमोर आणा: चारी बाजूंनी अंगं टेकलेली, कमरेला हत्यार, आणि ते कुणाच्या हाताला लागतंय यावर तुमचं काही नियंत्रण नाही. मेट्रोत, मॉलमध्ये, नाट्यगृहात तपासणी असते आणि आत नेऊ देत नाहीत. गणपतीच्या मिरवणुकीत किंवा लग्नात ते घरीच राहिलेलं बरं. आनंदात हवेत गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याचे आदेश निघतात, तेव्हा पोलीस ठाण्यातली पावती जपून ठेवा. दिवसाचे बारा तास गर्दीत काढणाऱ्या नोकरदार माणसाला हत्यार बाळगणं सुरक्षितता देत नाही, त्याच्या डोक्यावर आणखी एक जबाबदारी टाकतं. हे माझं ठाम मत आहे.

स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. तो हक्क बचावापुरताच असतो. गरजेपेक्षा जास्त इजा करायची मुभा त्यात नाही. पळणाऱ्या चोराच्या पाठीवर गोळी झाडणं बचावात बसत नाही. परवाना हातात येण्याआधी एखाद्या फौजदारी वकिलाबरोबर तासभर बसून ही कलमं समजून घ्या.

गावच्या बंदुकीविषयी दोन शब्द, कारण कोकणातल्या प्रत्येक चौथ्या घरी हा विषय निघतो. शेतसंरक्षणाची बंदूक किंवा आजोबांचं रिव्हॉल्व्हर ज्यांच्या नावावर आहे, त्यांचंच असतं. 'घरचंच आहे' म्हणून ते मुंबईला आणता येत नाही. परवानाधारकाने सत्तरी ओलांडली, किंवा शस्त्र पंचवीस वर्षं बाळगलं, तर वारसाच्या नावे अर्ज करता येतो. परवानाधारकाचं निधन झालं असेल तर शस्त्र आधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, मग वारसाच्या अर्जाचं बघा.

घरात

छोट्या फ्लॅटमध्ये मुलं, पाहुणे, कामाला येणाऱ्या मावशी, सगळे सगळीकडे वावरतात. कपड्यांच्या कपाटातला वरचा खण ही लपवायची जागा नव्हे. भिंतीला किंवा जमिनीला बोल्ट केलेली छोटी तिजोरी घ्या, काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवा आणि किल्ली घरातल्या एकाच माणसाकडे असू द्या. एअर पिस्तुलालाही हाच नियम.

पावसाळा आणि समुद्राची खारी हवा लोखंडाला सोडत नाही. चामड्याच्या होल्स्टरमध्ये पिस्तूल ठेवून देऊ नका. चामडं ओल धरतं आणि आठवड्याभरात गंज दिसतो. हात लागलेला प्रत्येक धातूचा भाग तेलाच्या फडक्याने पुसा, तिजोरीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या महिन्याने बदला किंवा वाळवा. एअर पिस्तुलाच्या सीलना मात्र साधं बंदुकीचं तेल लावू नका, कंपनीने सांगितलेलंच वंगण वापरा.

पत्ता बदलला की परवाना कार्यालयाला कळवा. इमारत पुनर्विकासाला गेली आणि दादरहून डोंबिवलीला भाड्याने राहायला गेलात, तर मुंबई पोलीस आयुक्तालयाची हद्द संपून ठाण्याची सुरू होते. ही गोष्ट शेजाऱ्याच्या तक्रारीनंतर उघड होण्यापेक्षा आधी कळवलेली चांगली.

खरेदीच्या दिवशी

प्रशिक्षकाला बरोबर घेऊन जा. एअर पिस्तुलाचे छर्रे सपाट डोक्याचे घ्या, म्हणजे कागदावर गोल स्वच्छ भोक पडतं आणि गुण मोजताना भांडण होत नाही. त्यांच्या डब्यावर ४.४९, ४.५० असे आकडे असतात. एकाच कंपनीचे दोन-तीन आकार घेऊन आपल्या नळीला कुठला मानवतो, ते रेंजवर टेकून मारून बघा. पिस्तुलाला ड्राय फायरची सोय आहे का, ते आवर्जून विचारा, कारण रोजचा निम्मा सराव घरी भिंतीसमोर, छऱ्याशिवाय व्हायचा आहे. .२२ किंवा .३२ बाबतीत मात्र कंपनी परवानगी देत नसेल, तर स्नॅप कॅपशिवाय (सरावाच्या खोट्या काडतुसाशिवाय) कोरा ट्रिगर ओढू नका.

नेमबाजी करून आल्यावर हात साबणाने धुवा, मगच वडापाव. छर्रे शिशाचे असतात.

आणि स्पर्धेत उतरायचं असेल तर एक तपासणी स्वतः करून घ्या. १० मीटर एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅम वजन उचलू शकला पाहिजे. नळी सरळ वर धरून ट्रिगरला वजन टांगतात. त्या वजनाने ट्रिगर सुटला तर पिस्तूल नाकारलं जातं. दुकानातून आलेलं पिस्तूल कधी ४८० वर लावलेलं निघतं, तर कधी प्रवासात स्क्रू सैल होतो. रेंजवर तपासणीचं वजन असतं. पहिल्याच दिवशी ते मागून घ्या, ट्रिगर थोडा वर, ५१० ते ५२० च्या आसपास लावा आणि स्पर्धेच्या सकाळी पुन्हा एकदा टांगून बघा.